एर नदीकाठचे वारेन

पॅरिस पाहून आलेली मंडळी आयफेल टॉवरचे गुणगान करतात. आम्हाला विचाराल, तर फ्रान्सच्या ईशान्य भागातले वारेन हे गाव अधिक मोलाचे. वस्ती हजाराच्या आतली. मधून एर नदी वाहते; अलीकडे वरचे गाव, पलीकडे खालचे गाव आणि मध्ये पूल. या पुलापाशी एका राजाची वाट अडली.

२१ जून १७९१ ची रात्र. सोळावा लुई नोकराच्या वेशात, राणी व मुलांसह पॅरिसहून पळाला होता. सरहद्दीजवळचा मोंमेदीचा किल्ला सुमारे ५० किलोमीटर उरला होता. ताजे घोडे व राजाचे घोडेस्वार पुलापलीकडे थांबलेले. गाडी मात्र अलीकडेच घोडे शोधत राहिली. तेवढ्यात सांत-मनू गावच्या टपालघोड्यांच्या नाक्याचा प्रमुख द्रूए दौडत आला. राजाला त्याने ओळखले होते. सामानाची गाडी आडवी घालून पूल बंद झाला.

गावचा अधिकारी सोस हा मूळचा किराणा व मेणबत्त्यांचा व्यापारी. त्याने परवाना पाहिला. कागद चोख, खाली साक्षात राजाची सही! सोसची अडचण आम्हा कारकुनांना बरोबर कळते. तो गाडी सोडणारच होता, पण द्रूए हटेना. अखेर राजकुटुंबाला सोसच्या माडीवर नेले. पूर्वी व्हर्सायला राहिलेले न्यायाधीश देस्तेझ यांना बोलावले. राजाला पाहताच ते वाकले आणि ओळख पटली. राणीने सोसच्या पत्नीला गळ घातली, तेव्हा तिने आपल्या नवऱ्याच्या जिवाची काळजी पुढे केली. रात्रभर घंटा वाजल्या, आसपासच्या खेड्यांतून माणसे लोटली. सकाळी राजाची गाडी पॅरिसकडे वळवण्यात आली.

आम्हाला देस्तेझ यांचे ते वाकणे विसरता येत नाही. क्रांतीला दोन वर्षे होत आली, तरी पाठीचा कणा जुन्याच सवयीचा! पण वाकणाऱ्या त्या गावाने राजाला सोडले मात्र नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला होता; आपला लढा केवळ तळ्याच्या पाण्यापुरता नाही, हे त्यांना सांगायचे होते. मात्र स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रान्सकडून नव्हे, तर भगवान बुद्धांकडून घेतली, असे त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून निक्षून सांगितले.

पहिल्या महायुद्धात वारेन जर्मनांच्या ताब्यात गेले व उद्ध्वस्त झाले. २६ सप्टेंबर १९१८ रोजी अमेरिकन सैन्याने ते सोडवले. पेन्सिल्व्हेनियाच्या सैनिकांचे मोठे स्मारक तेथे आहे. त्या मानाने राजाला अडवल्याची खूण साधीच: घड्याळाचा एक जुना मनोरा.