गरम पेल्यातलं बोट

माझ्या वर्गातली पाचवीतली एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. मोखाड्याच्या अंगाला, डांबरी रस्ता सोडून अर्धा तास चढून गेलं की तिचा पाडा लागतो. कुडाचं घर, सारवलेली ओटी आणि चुलीपाशी तिची आजी. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले. "बस बाय, चहा घे," म्हणत आजीने टोप चुलीवर ठेवला. दूध नव्हतंच. कोरा चहा, त्यात परसातल्या गवती चहाची चार पाती.

चहा उकळल्यावर आजीने पेला जमिनीवर डाव्या हाताने धरला, त्याच हाताचं पहिलं बोट काठावरून आत सोडलं आणि उजव्या हाताने टोप वाकडा केला. चहा बोटाला लागला तशी ती थांबली. मग दुसरा पेला, पुन्हा तसंच. मी ओरडलेच, "आजी, भाजत नाही का गं?"

"भाजतं ना. पण सांडत नाय."

तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही बाहुल्यांत ताकासारखं पांढरं. मोतीबिंदू पुरता पिकलेला. नात शाळेत का येत नव्हती ते वेगळं विचारावं लागलं नाही. आजीला झऱ्यावर, परसाकडला, शेजारी न्यायला कोणीतरी हवं होतं. दहा वर्षांची पोर आजीची काठी झाली होती.

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट होते. आजी शांतपणे म्हणाली, "फुकट हाय, माहित हाय. पन जाऊ कशी?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतीच्या उतारावर मी मनातल्या मनात हिशेब मांडला. पाड्यातून रस्त्यापर्यंत चालत येणं, तिथून जीप, पुढे घाट उतरून रुग्णालय. म्हातारं माणूस एकटं जाऊ शकत नाही, म्हणजे सोबत एक कमावतं माणूस, त्याचा दोन दिवसांचा रोज बुडाला. दोघांचं जेवण. नंतर महिना-दीड महिना डोळ्यात टाकायची औषधं संपली तर ती विकत. आठवड्याने तपासणीला पुन्हा तोच प्रवास. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात 1976 पासून आहे, आणि त्याने लाखो माणसांना नजर परत दिली आहे. पण शस्त्रक्रियेचं टेबल फुकट असलं तरी त्या टेबलापर्यंतचा रस्ता फुकट नसतो. मदुराईत डॉ. वेंकटस्वामी यांनी त्याच 1976 साली 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पुढे त्यांची शिबिरं वाढली तेव्हा रुग्णांना गावातून बसने न्यायचं, जेवू घालायचं, शस्त्रक्रिया करून परत गावात सोडायचं, अशी रीत तिथे बसली. त्यांच्या कामाबद्दल वाचलं होतं, पण बसचं महत्त्व मला आजीच्या ओटीवर कळलं.

पैसे कुठून आणायचे? दोन ठिकाणी पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. संक्रांतीच्या दिवसांत जव्हारातल्या आमच्या मैत्रिणींमध्ये विषय निघाला. एकजण म्हणाली, हळदीकुंकवाला आपण प्रत्येकी शंभर-दीडशेचं वाण वाटतो. घरोघर प्लास्टिकच्या वाट्यांची चवड झाली आहे. यंदा वाणाऐवजी ते पैसे दे म्हणू. कल्पना चांगली होती, पण माझ्या मनाला पटली नाही. माझी शेजारीण विधवा आहे. तीस वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी ती दार लोटून घरात बसते. जिच्याबरोबर मी रोज दूध वाटून घेते तिला वगळून मला चांगलं काम करायचं नव्हतं. पुरुषांना तिथे जागा नाही, मुसलमान शेजाऱ्यांना नाही. म्हणून मी म्हटलं, चहा ठेवू. चहाला कोणीही येतं.

दिवस ठरवायला मात्र फार विचार करावा लागला, कारण चहा झाला की लगेच माणसं शस्त्रक्रियेला न्यायची होती. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली की महिनाभर धूळ, धूर, जड ओझं वर्ज्य. दसऱ्याच्या सुमाराला हळवं भात कापायला येतं, मग गरवं, मग नागली-वरई काढायची, आणि दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे भट्ट्यांवर, बांधकामांवर निघून जातात. तेव्हा घरात राहिलेल्या म्हातारीला न्यायला कोणी उरत नाही. पावसाळ्यात लावणी. मग उरतं काय? गणपती विसर्जनानंतरचे पंधरा-वीस दिवस. आमच्याकडच्या माणसाला आजारी पडायला आणि बरं व्हायला वर्षातून एवढीच सवड असते.

भाद्रपदातल्या त्या रविवारी दुपारपासून पाऊस धरून होता. बालवाडीच्या खुर्च्या आणून आमच्या घराच्या ओटीवर मांडल्या. बचत गटाच्या बायकांनी नागलीचे लाडू केले आणि लाडवांचे पैसे घेणार नाही म्हणून बजावलं. आलं ठेचून, गवती चहा घालून मोठ्या पातेल्यात दुधाचा चहा, आणि बाजूला एक छोटं पातेलं कोऱ्या चहाचं, कारण पाड्यांवरून येणाऱ्या बऱ्याच जणांना कोऱ्या चहाचीच सवय असते हे मला ठाऊक होतं. दाराशी माझ्या सासूचा पितळेचा डबा ठेवला. त्यावर कोणाचं नाव नाही, रक्कम नाही. टाकावं वाटेल त्याने टाकावं.

ओटीच्या टोकाला, वीस फुटांवर, मी तक्ता टांगला होता. शाळेत डोळे तपासायला येतात त्यांच्याकडून मागून आणलेला. अक्षरं न येणाऱ्यांसाठी असतो तसा: नुसते इंग्रजी ई, कुठे वर तोंड केलेले, कुठे खाली, उजवीकडे, डावीकडे. तळहाताने एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी तोंड कुठल्या दिशेला आहे ते दाखवायचं. आलेल्यांना करमणूक व्हावी आणि विषय नीट समजावा, एवढाच माझा हेतू होता.

बाजारपेठेतले दोन दुकानदार आले, शाळेतले सहकारी आले, एस.टी.तले कंडक्टर आले. मोगऱ्याची शेती करणाऱ्या बायका आल्या. त्यांच्यातली एक तक्त्यापुढे उभी न राहताच म्हणाली, "बाई, लांबचं मला लख्ख दिसतं. पण पहाटे कळ्या तोडताना आता पिकलेली कळी आणि कच्ची कळी एकच वाटते. सून ओरडते." तिला मोतीबिंदू नव्हता, चाळीशी लागली होती. शे-दोनशे रुपयांच्या चष्म्याने सुटणारी गोष्ट, आणि ती दोन हंगाम सुनेची बोलणी खात होती. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने कबूल केलं की सुईत दोरा तो शेजारच्या पोराकडून ओवून घेतो.

मग माझी शेजारीण तक्त्यापुढे उभी राहिली. डावा डोळा झाकला, खालच्या ओळीपर्यंत सगळी बोटं बरोबर दाखवली. उजवा झाकला आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "दाखवा ना." ती म्हणाली, "काय दाखवू?" मला वाटलं तिला रीत कळली नाही. मी जवळ जाऊन पुन्हा समजावलं. तिने हात खाली घेतला, पुन्हा वर घेतला, आणि हळूच म्हणाली, "अहो, तक्ता कुठे आहे?"

डावा डोळा जवळजवळ गेलेला होता आणि तिला पत्ताच नव्हता. एक डोळा चांगला असेल तर दुसऱ्याचं काम तो निमूट करत राहतो. आणि घरात बसून एक डोळा झाकून बघायचं कोणाला सुचतं? ओटीवर एकदम शांतता झाली. पातेल्यातल्या चहाचा आवाज ऐकू येत होता. त्यानंतर रांग लागली. चहाचे पेले हातात तसेच ठेवून माणसं तक्त्यापुढे आली, एकमेकांचे डोळे झाकून देऊ लागली. पितळेचा डबाही त्यानंतरच जड झाला. दुसऱ्यासाठी चार पैसे द्यायला आलेली माणसं स्वतःचा डोळा हातात धरून बसली होती, आणि देण्याचा भाव बदलला होता.

नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम केलेले एक गृहस्थ आले होते. त्यांनी भाषण केलं नाही, फक्त भातकापणी तोंडावर आहे म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगितली. कापताना किंवा झोडताना भाताचं पातं, लोंब डोळ्याला लागतं. साधा ओरखडा वाटतो. त्यात माती आणि बुरशी जाते. मग कोणी पाल्याचा रस पिळतं, कोणी अंगावरचं दूध घालतं, आणि आठवड्याभरात बुबुळावर जखम पसरते. बरी झाली तरी फूल पडतं ते कायमचं. मोतीबिंदूला थांबता येतं, याला नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, मेडिकलमधून कुठलेही थेंब आणून घालायचे नाहीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

ते ऐकताना मला माझी नोकरीची पहिली वर्षं आठवली. 1992-93 साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा जव्हारचं नाव देशभर झालं. त्या काळात संध्याकाळी शाळेच्या अंगणात काही मुलं भिंत चाचपत चालायची. खेळताना अडखळतात म्हणून मी रागवायचे. तो रातांधळेपणा आहे, अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा, हे मला नंतर समजलं. आता नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी त्याचे नऊ डोस दिले जातात. त्या मुलांना रागावल्याचं दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही.

रात्री डबा उघडला. 16,870 रुपये. बचत गटाच्या खात्यात ते जमा केले आणि एक वही घातली. जीपचं भाडं, जेवण, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, सगळं त्यात लिहायचं आणि वही कोणीही मागितली तर दाखवायची.

रुग्णालयाची पहिली फेरी नऊ जणांची. पहाटे पाचला फाट्यावर धुक्यात जीप उभी होती आणि माणसं घोंगड्या पांघरून चारपासून येऊन बसलेली. दुपारपर्यंत नवांपैकी तिघांना शस्त्रक्रियेविना परत पाठवलं. दोघांचा रक्तदाब चढलेला, एकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पू येत होता. तसं असताना डोळा उघडला तर आत जंतू जाऊन नजरच जायची. डॉक्टरांचं बरोबर होतं. चूक माझी होती. रक्तदाब, साखर आणि डोळ्यातला पू या गोष्टी इथेच, प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी बघून घ्यायला हव्या होत्या. परत आलेल्या त्या तीन चेहऱ्यांकडे मला बघवेना. त्यातला एकजण मलाच धीर देत म्हणाला, "असू दे बाई, जीपमधी तरी बसलो."

आजीची शस्त्रक्रिया झाली. पिकलेलं भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवायला वीस मिनिटंसुद्धा लागली नसतील. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मी समोर होते, नात बाजूला होती. आजीने आमच्याकडे पाहिलं नाही. तिने डावा हात डोळ्यासमोर धरला आणि पहिल्या बोटाकडे बघत राहिली. शेंड्याची कातडी काळी, जाड, तडकलेली. अंगठ्याने ती चाचपत म्हणाली, "असं झालं काय याचं!"

खरं काम त्यानंतरचं. दिवसातून सहा वेळा थेंब, पुढे दर आठवड्याला एकेक वेळ कमी. पाड्यात घड्याळ बघून औषध घालणारं कोण? नात. वर्गात फळ्यावर डोळा काढून मी सगळ्याच मुलांना शिकवलं: हात साबणाने धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. हजेरीपटासारखा चौकटींचा कागद आखून दिला. शाळेला निघताना एक, मधल्या सुट्टीत घरी पळत जाऊन एक, शाळा सुटल्यावर एक. तो कागद माझ्याकडे आहे. एकही चौकट रिकामी नाही, आणि त्या दिवसांतली तिची शाळेची हजेरीही पूर्ण आहे.

शेजारणीचं निदान काचबिंदूचं निघालं. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजवा राखण्यासाठी ती रोज रात्री न चुकता थेंब घालते. झोपण्याआधी भिंतीवर टकटक करून मला सांगते.

यंदाचा चहा पुढच्या रविवारी आहे. यादीत चौदा नावं आहेत, सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासून झाली आहे. एका जीपमध्ये चौदाजण बसणार नाहीत, दुसरीचं भाडं वहीत अजून जमेला नाही. आठ लिटर दूध सांगून ठेवलंय. काल आजीची नात, आता सातवीत आहे, शाळेत येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली गवती चहाची जुडी घेऊन आली. आजीने स्वतः कापून पाठवली आहे, आणि निरोप दिला आहे की कोऱ्या चहाचं पातेलं या वेळी मोठं ठेव, आमच्या पाड्यातून पाचजणी येणार आहेत.