शिडीने चढावे, गणेशघाटाने उतरावे

वाचकहो, भीमाशंकराला आपण बहुतेक मंचर-घोडेगावावरून गाडीने जातो. एकदा कोकणच्या अंगाने, कर्जत तालुक्यातल्या खांडस गावाहून पायी जाऊन बघा. खांडसपुढे वाटेला दोन फाटे फुटतात. डावा शिडीघाटाचा, उजवा गणेशघाटाचा. दोन्ही वर पदरवाडीजवळ मिळतात, म्हणून एकीने चढून दुसरीने उतरता येते.

चढायला शिडीघाटच धरा. कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या, आणि मधेमधे खोबणीत बोटे रोवून पार करायचे टप्पे. चढताना खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय चाचपडत टाकावा लागतो आणि घात तिथेच होतो. पावसाळ्यात तर या घाटाचे नावही काढू नका. दिवाळीनंतर, भाताची झोडणी उरकली की पहाटे निघावे, भाकरी आणि भरपूर पाणी बांधून. बरोबर पोरेबाळे, म्हातारी माणसे असतील तर जाता-येता गणेशघाटच बरा. लांबचा आहे, पण पायाखाली वाट आहे.

पदरवाडीला दम खाऊन पुढे निघालात की रान दाटत जाते. उंच फांद्यांत काटक्या-पानांचा गोळा दिसला तर ते शेकरूचे घरटे समजा. या तांबूस मोठ्या खारीसाठीच १९८५ साली इथे अभयारण्य झाले. देवाचे म्हणून लोकांनी राखलेल्या राया मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या.

माथ्यावर भीमेचा उगम आहे. सोलापूरकडच्या वाचकांनी तिथे जरूर थांबावे. पंढरपुरात आपण हिलाच चंद्रभागा म्हणतो. पण उन्हे कलण्याआधी गणेशघाटाला लागा. झाडीत अंधार लवकर पडतो.