लिंबायतच्या दोन खोल्या

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम १६६४ हे साल उभे राहते, आणि आम्हा कॅथोलिकांच्या मनात त्याच्या पाठोपाठ कापुचिन संघाचे फादर अँब्रोझ. शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्या वर्षी सुरत लुटली, परंतु या धर्मगुरूच्या निवासास हात लावू दिला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. इतक्या जुन्या ऋणानुबंधाच्या या नगरीत मी वयाची पंचेचाळीस वर्षे उलटेपर्यंत पाऊल टाकले नव्हते. गेल्या मे महिन्यात तो योग आला. आमच्या किनाऱ्यावरच्या धर्मग्रामातील अकरा माणसे, त्यांत पाच स्त्रिया, एक निवृत्त शिक्षक व तीन तरुण, अशी आमची मंडळी सकाळच्या गाडीने पालघर, डहाणू, वापी, वलसाड, नवसारी अशी स्थानके मोजीत उधना जंक्शनला उतरली.

उधन्याला उतरण्याचे कारण असे की, आमच्यातील एका गृहस्थाचा जुना सहकारी लिंबायत भागात राहतो, आणि त्याच्या नात्यातील एका आजींच्या घराचा वरचा मजला दिवसांच्या बोलीने भाड्याने मिळतो. लग्नसराईत त्या खोल्यांत वऱ्हाडाचा जानोसा उतरतो. मधल्या मोकळ्या दिवसांत आमच्यासारखे प्रवासी. हॉटेलाच्या मानाने भाडे निम्म्याहून कमी, स्वयंपाकाची भांडी घरची, आणि घरधनीण मराठी. आम्हांस आणखी काय हवे होते?

लिंबायत पाहण्यासाठी कोणी प्रवासी सुरतेस जात नाही, हे मला ठाऊक आहे. तथापि मला तो भाग सुरतेच्या इतर प्रेक्षणीय स्थळांपेक्षा अधिक पाहण्यासारखा वाटला. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंस एकास एक चिकटलेली दुमजली-तिमजली घरे, आणि कोणत्याही कोपऱ्यावर थांबावे तर भिंतीपलीकडून यंत्रमागाचा तो अखंड खडखडाट. उधन्याहून निघणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावास जातो, आणि त्याच मार्गाने गेल्या कित्येक दशकांत खानदेश थोडाथोडा करून येथे येऊन वसला आहे. भाजीवाली अहिराणी बोलते, रिक्षावाला अहिराणी बोलतो. सुरत महानगरपालिका येथल्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. शेजारच्या गल्लीत उत्तर प्रदेश, त्यापलीकडे ओडिशा. मिठी खाडी या वस्तीतून वाहते व पावसाळ्यात पुष्कळदा घरांत शिरते. म्हणून जुन्या घरांचे उंबरठे गुडघ्याइतके उंच बांधलेले दिसतात.

आजींचे घर असेच उंच उंबरठ्याचे. आजी सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या अमळनेर तालुक्यातील, गळ्यात तुळशीची माळ. मला झग्यात पाहून त्या क्षणभर गोंधळल्या, मग पदर सावरून म्हणाल्या, "या बाबा. घर तुमनंच शे." घर तुमचेच आहे. वाचकहो, या तीन शब्दांनी पुढे मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

दोन दिवसांत आम्ही शहर पाहिले. इंग्रजांच्या जुन्या स्मशानात १६६९ साली वारलेल्या सर जॉर्ज ऑक्झेंडेनची घुमटाची कबर पाहिली; एखाद्या नबाबासही लाजवील अशी ती आहे. डचांच्या स्मशानात हेंड्रिक व्हान ऱ्हीड याचे थडगे आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा माणूस १६९१ मध्ये सुरतेकडे येत असताना समुद्रातच वारला. या ग्रंथाच्या आरंभीच्या कामात मॅथ्यू नावाच्या एका इटालियन कार्मेलाईट धर्मगुरूचे मोठे साहाय्य झाले होते, हे मी आमच्या तरुणांना जरा अभिमानाने सांगितले; त्यांना ऊन लागत होते, त्यांनी ऐकून घेतले.

परंतु आजच्या विषयाशी ज्याचा संबंध आहे ती वास्तू निराळी. मुघलसराई ही १६४४ साली, शाहजहानच्या काळात, हजला निघालेल्या यात्रेकरूंच्या उतरण्यासाठी बांधलेली सराई. सुरत हे त्या वेळी मक्केच्या वाटेवरचे बंदर होते. जहाज सुटेपर्यंत यात्रेकरूंनी राहावयाचे कोठे, तर येथे. त्याच सराईत आज महानगरपालिकेची मुख्य कचेरी आहे. पाहुणे उतरण्याच्या जागेतून शहराच्या झाडलोटीचा कारभार चालावा, हा योगायोग मला फार आवडला.

आणि तो कारभार साधा नाही. १९९४ च्या सप्टेंबरात पूर ओसरल्यानंतर सुरतेत प्लेगची साथ आली, आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून पळाली. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना सकाळी थंड हवेच्या खोल्यांतून बाहेर काढून रस्त्यावर उभे केले, रस्ते रात्री झाडून घेतले, घाण करणाऱ्यांस दंड बसविला. १९९६ मध्ये 'इन्टॅक' या संस्थेने चंडीगढच्या खालोखाल सुरतेस देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरविले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक सुरतेचा लागला. मी हे सारे आजींना मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "माले काय सांगतस बाबा, मी व्हतू ना." प्लेगच्या वेळी त्यांनीही मुलांना घेऊन रात्रीची गाडी पकडली होती. परातीत मळलेले पीठ होते, चुलीवर भाजी होती. तसेच कुलूप घातले. महिन्याने परतल्यावर दार उघडले, त्या वासाचे वर्णन त्यांनी केले नाही. केवळ नाकाला पदर लावून दाखविला. तेव्हापासून उष्टे भांडे मागे ठेवून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारची आमची परतीची गाडी. सकाळी चहा झाल्यावर वाद निघाला, आणि तो वाद कोणत्याही प्रवासी मंडळीत निघतो तोच होता: जाताना खोल्या किती स्वच्छ करून द्यावयाच्या? स्त्रियांनी पदर खोचले होते. त्यांच्या मते आलो त्याहून चकचकीत करून निघावे, नाही तर किनाऱ्यावरच्या लोकांचे नाव जाईल. एका तरुणाने हरकत घेतली. तो वसईकडच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो, व बोलतो तेही हिशेबाने. "आपण भाडे भरले आहे. झाडण्या-पुसण्याचे पैसे त्यातच आले. उगाच राबून तुम्ही त्या कामवाल्या बाईची मजुरी बुडवाल."

हे बोलणे उद्धट वाटले, तरी अगदीच चुकीचे नव्हते. अमेरिकेत हीच तक्रार पुष्कळ वाढली होती. तेथे सुटीसाठी घरे भाड्याने देणारे मालक साफसफाईचे शुल्क वेगळे आकारीत, आणि वर पाहुण्यांकडून चादरी काढून धुण्याची, केर काढण्याची अपेक्षा करीत. अखेर एअरबीएनबी या कंपनीने २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर केले की, दिवे मालवणे, उरलेले अन्न कचऱ्यात टाकणे, दार लावणे एवढे पाहुण्यास सांगावे. धुणी आणि झाडलोट सांगू नये. पैशाच्या व्यवहारात ही वाटणी मला न्याय्य वाटते. ज्याचे मोल घेतले ते काम घेणाऱ्याचे.

पण मला आमच्या सेमिनरीतील दिवस आठवले. तेथे संत बेनेडिक्टचे नियम आम्हांस शिकविले होते. सहाव्या शतकात लिहिलेल्या त्या नियमावलीत स्वयंपाकघराची आठवड्याची पाळी संपविणाऱ्या बंधूने शनिवारी काय करावे, हे सांगितले आहे. त्याने सर्वांचे हात-पाय पुसण्याचे पंचे धुवावे, आणि वापरलेली भांडी स्वच्छ व धडधाकट कोठाराच्या अधिकाऱ्याकडे परत द्यावी. मग त्याने ती पुढच्या पाळीच्या बंधूस मोजून द्यावी. यात मौज अशी की, भांडी केवळ घासून ठेवावयाची नाहीत, तर कोणाच्या तरी हाती द्यावयाची आहेत. मी दोन्ही पक्षांचे थोडे थोडे घेऊन, धर्मगुरूस शोभेल असा मध्यम निवाडा दिला: केर काढावा, भांडी घासावी, फरशी राहू द्यावी.

माझा निवाडा कोणी मानला नाही. मी खाली पडवीत प्रार्थनाग्रंथ वाचीत बसलो, तोवर वर फरशी एकदा नव्हे, दोनदा धुतली गेली. मोरी घासली, जिना धुतला, खिडक्यांचे गजसुद्धा पुसले. चादरी इतक्या सुंदर घड्या करून ठेवल्या की कोणती वापरलेली व कोणती कोरी हे ओळखू येईना. तिन्ही दिवसांच्या कचऱ्याचे एक गाठोडे नीट बांधून दाराबाहेर ठेवले. ओला आणि सुका एकत्र. आणि कचऱ्याची गाडी तर गाणे वाजवीत केव्हाच निघून गेली होती. म्हणजे आता मेच्या उन्हात ते गाठोडे दुसऱ्या सकाळपर्यंत आजींच्या उंबरठ्यावर राहणार.

आजी किल्ली घ्यावयास वर आल्या. त्यांनी प्रथम पिंपाचे झाकण उचलले. पिंप रिकामे होते. त्या भागात नळाला ठरलेल्या वेळीच पाणी येते, आणि ती वेळ सकाळीच सरली होती. चार वाजता नंदुरबारकडचे तीसेक माणसांचे वऱ्हाड त्याच खोल्यांत उतरावयाचे होते. त्यांच्या हात-पाय धुण्याचे, पिण्याचे, सारे पाणी आमच्या स्वच्छतेने मोरीतून वाहून गेले होते.

कोणी काही बोलेना. आमच्या स्त्रियांची तोंडे पाहवत नव्हती. इतक्या कष्टाने केलेले काम असे उलटावे! तेवढ्यात तो हिशेबनीस तरुण खाली उतरला, समोरच्या घरच्या बोअरिंगवर जाऊन परवानगी मागून आला, आणि त्याने बादल्या भरावयास आरंभ केला. इतर दोघे त्याला मिळाले. उंच पायऱ्यांचा तो जिना त्यांनी किती वेळा चढला-उतरला, ते मी मोजले नाही. जिना पुन्हा ओला झाला, त्यावर चिखलाची पावले उमटली, आणि या वेळी ती पुसावी असे कोणी म्हटले नाही.

येथवर सारे निभावले असते. पण आजींनी भांडी पाहिली. ओट्यावर मोठा टोप उपडा ठेवलेला होता, आरशासारखा घासलेला. त्यांनी तो उचलला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे पाहून विचारले, "यामा काय रांधं व्हतं, बाबा?"

आदल्या रात्री आमच्या मंडळींनी घरून आणलेले सुके बोंबील बटाट्यात घालून त्या टोपात शिजविले होते. दोन दिवस शहरात ढोकळा व भाजी खाऊन सगळ्यांची जीभ कंटाळली होती, माझीही. चिंच लावून, राख लावून, साबण लावून टोप घासला होता. पण बोंबील शिजलेले भांडे ज्या घरात कधीच बोंबील शिजले नाहीत तेथे लपत नाही. आणि मला हे सांगितले पाहिजे की, आजींच्या गळ्यातील माळ मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. माळकऱ्याच्या घरचे पथ्य न समजण्याइतका मी अजाण नाही. विचारावयास हवे होते, हे मला रात्री चुलीजवळ उभे राहूनही कळत होते. विचारले तर नाही म्हणतील, म्हणून विचारले नाही.

मी म्हणालो, "सुके बोंबील, आजी. चूक माझी आहे."

त्या रागावल्या नाहीत. "बरं," एवढेच म्हणाल्या, आणि टोप जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाहेर नेऊन ठेवला. मी भांड्याची किंमत देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. आम्ही निघालो तेव्हाही त्या उंबरठ्यापर्यंत आल्या, स्त्रियांना कुंकू लावू की नको असे त्यांनी मला विचारले, आणि मी हो म्हटल्यावर लावले. स्वतःच्या घरात त्या मला विचारीत होत्या! उधन्यापर्यंत रिक्षात मी कोणाशी बोललो नाही. कचऱ्याचे गाठोडे मात्र शिक्षकांनी आमच्याबरोबर घेतले होते; ते स्थानकावरच्या दोन वेगवेगळ्या डब्यांत त्यांनी निवडून टाकले, आणि गाडी आली तेव्हा ते अजून निवडीतच होते.

घरी आल्यावर बाजारातून तशाच मापाचा जर्मनचा टोप घेतला, आणि त्या सहकाऱ्याचा भाचा सुरतेस जात होता त्याच्या हाती आजींकडे पाठविला. बरोबर चार ओळींचे पत्र. उत्तर आले नाही, आणि यावे अशी अपेक्षाही नव्हती.

नाताळच्या सुमारास तो हिशेबनीस तरुण कामानिमित्त सुरतेस गेला होता, तो मुद्दाम लिंबायतला जाऊन आला. नवा टोप आजींनी खालच्या स्वयंपाकघरात घेतला आहे. जुना टाकलेला नाही. तो वरच्या मजल्यावर, इतर भांड्यांपासून दूर, एका वेगळ्या खुंटीवर टांगलेला आहे. मासळी खाणारे पाहुणे आले की आजी आधीच त्यांना तो दाखवितात, व सांगतात की रांधायचे ते यात रांधा, आणि पाणी दोन बादल्यांपेक्षा जास्त वापरू नका.