हल, मसावात आणि टीसीएल

अल्लीपुरात 'संहती' हा शब्द बोलण्यात कुणी वापरत नाही, पण संहती सगळ्यांना कळते. पंधरा लिटरच्या पंपाला किती झाकणं औषध, हे कपाशीवर फवारणी करणारा माणूस सांगतो, तेव्हा तो द्रावणाची संहतीच सांगत असतो. किती पाण्यात किती, एवढाच हिशेब. अडचण येते ती द्रावण दुसऱ्या कुणी केलेलं असतं तेव्हा. आत किती आहे ते दिसत नाही आणि चाखूनही बघता येत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. अकरावीला विज्ञान घेतलं आणि सगळी पुस्तकं एकदम इंग्रजी झाली. दोन-तीन महिन्यांतच ती म्हणू लागली, "खाला, मी आर्ट्सलाच जाते. ही गणितं डोक्यात शिरत नाहीत." गणितं होती रासायनिक अभिक्रियेवरून द्रावणाची संहती काढायची. मी भाषेची शिक्षिका. तिला म्हटलं, आधी आपण गणिताचं वाक्य वाचू. काय दिलंय, काय विचारलंय, आणि दोघांना जोडणारं कोण?

उदाहरणाला घेतली टीसीएल. पावसाळ्यात विहिरीत आणि टाकीत टाकतात ती पांढरी, उग्र वासाची पावडर. ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. हवा, ओल आणि ऊन लागलं की तो कमी होत जातो. पावडर मात्र पांढरीच दिसते आणि वासही येत राहतो. म्हणून तिचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात. क्लोरीन २० टक्क्यांहून कमी निघाला, तर ती पावडर पाणी शुद्ध करायला योग्य धरत नाहीत.

तपासणी अशी होते. २.५ ग्रॅम पावडर पाण्यात कालवून २५० मिली द्रावण करायचं. त्यातलं २५ मिली घ्यायचं, म्हणजे पाव ग्रॅम पावडर हाती आली. त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक आम्ल घातलं की क्लोरीन आयोडीनला मोकळं करतो. एक मोल क्लोरीन, तर एक मोल आयोडीन. द्रावण तपकिरी होतं. मग ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेटचं द्रावण सोडायचं, ज्याची संहती आपल्याला माहीत आहे. रंग फिकट पिवळा झाला की थोडा स्टार्च घालायचा. द्रावण निळं होतं. आता थेंब थेंब सोडायचं, आणि ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे थांबायचं. एक मोल आयोडीन संपवायला दोन मोल थायोसल्फेट लागतं.

समजा, ०.१ मोलर थायोसल्फेट २० मिली लागलं. म्हणजे ०.००२ मोल. त्याच्या निम्मा क्लोरीन, ०.००१ मोल. क्लोरीनचा एक मोल ७१ ग्रॅमचा, म्हणून इथे ७१ मिलिग्रॅम. तो २५ मिलीत होता, म्हणजे द्रावणाची संहती लिटरला ०.०४ मोल. आणि २५० मिलिग्रॅम पावडरीत ७१ मिलिग्रॅम म्हणजे २८.४ टक्के. पावडर पास. तेच पोतं पावसाळाभर उघडं राहिलं आणि १२ मिलीतच निळा रंग गेला, तर क्लोरीन ४२.६ मिलिग्रॅम, सुमारे १७ टक्के. नापास.

मुलगी अडायची ती 'निम्मा' या जागी. समीकरण पाठ होतं, पण ते काय म्हणतं ते कळत नव्हतं. इथे आमच्या उर्दूनं मदत केली. उर्दूत समीकरणाला 'मसावात' म्हणतात आणि समतेलाही मसावात. दोन्ही बाजूंना अणू सारखे, कुणाचं काही हरवत नाही. एकाला दोन ही त्यांची वाटणी आहे, ती आपल्याला बदलता येत नाही. द्रावण म्हणजे 'महलूल'. तो शब्द 'हल'वरून आला. साखर हल होते आणि सवालही हल होतो. हे ऐकून ती हसली. मग पुढचं गणित तिनं स्वतः मराठीत वाचलं, उर्दूत समजून घेतलं आणि इंग्रजीत सोडवलं.

या हिशेबाचं इंग्रजी नाव स्टॉइकिओमेट्री. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिख्टर यांनी १७९२ मध्ये मूलद्रव्य आणि मोजमाप हे दोन ग्रीक शब्द जोडून ते बनवलं. ब्लीचिंग पावडरीचं पेटंट ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये घेतलं, ते कापड पांढरं करण्यासाठी. पावडरीत जोर किती हे कळलं नाही तर कापड पिवळं राहायचं, नाहीतर जळायचं. म्हणून फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी १८२४ मध्ये तो मोजायची रीत लिहून दिली. हिंगणघाटच्या कापूस बाजाराशेजारी राहणाऱ्या मुलीला हे परकं का वाटावं?

आपल्याकडे प्रश्न कापडाचा नाही, पाण्याचा आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर होतं. चांगली टीसीएल हजार लिटरला अडीच ग्रॅम धरतात, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पण पावडर १७ टक्क्यांची असेल, तर तेवढ्याच क्लोरीनसाठी ११५ ग्रॅम लागेल. ७० ग्रॅमच टाकली तर पाण्याला वास येईल, लोक निश्चिंत होतील, आणि जुलाब-उलट्यांचे जंतू कदाचित तसेच राहतील. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. तो वासावरून कळत नाही. त्यासाठी ओटी टेस्ट करावी लागते.

ग्रामसभेत आपण रस्ता, नाली, घरकुल विचारतो. या पावसाळ्यात आणखी एक विचारा: टीसीएलच्या तपासणीत क्लोरीन किती टक्के निघाला? उत्तर आकड्यात मागा. आणि घरातलं मूल अकरावीत विज्ञान सोडायचं म्हणत असेल, तर त्याची अक्कल मोजायच्या आधी त्याच्यासोबत बसून गणिताचं वाक्य आपल्या भाषेत वाचा. आमच्या घरातली मुलगी अजून विज्ञानातच आहे.