पूर्वपक्ष

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक नवा शिष्टाचार रूढ होत चालला आहे. पाहुणे जमले, पानें मांडलीं, कीं घरांतील कोणी वडीलधारें माणूस हंसत हंसत बजावतें, "आज राजकारण मात्र नको हं!" सूचना एकमतानें मान्य होते, आणि मग पाऊस, आंबे, नातवंडांच्या परीक्षा व ज्याची त्याची गुडघेदुखी यांवर गप्पा सुखानें चालतात. सूचनेमागील हेतु वाईट नाहीं. निवडणुकीच्या दिवसांत दोघे भाऊ एकमेकांस नको तें बोलले आणि पुढें गणपतीलाहि एका घरांत जमले नाहींत, अशीं तीन घरें आमच्याच परिचयाचीं आहेत. तरीहि आम्हांस असें वाटतें कीं, ज्या देशांत प्रत्येक प्रौढ मनुष्यास मत देण्याचा अधिकार आहे, तेथें तें मत आपल्या माणसांसमोर बोलून दाखविण्याची चोरी व्हावी, हें लक्षण चांगलें नव्हे. घरांत दाबून ठेविलेलें मत नाहींसें होत नाहीं. जेथें सर्वजण आपल्याच मताचे भेटतात तेथें जाऊन तें फोफावतें.

वस्तुतः मंडळी ज्याला भितात, त्याला वाद हें नांवच शोभत नाहीं. गौतमाच्या न्यायसूत्रांत या बाबतींत एक मार्मिक भेद केलेला आहे. खरें काय तें ठरविण्यासाठीं दोन्ही पक्ष बोलतात तो वाद; केवळ जिंकण्यासाठीं बोलतात, आणि त्यासाठीं शब्दच्छलहि वर्ज्य मानीत नाहींत, तो जल्प; आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचें तेवढें खोडीत बसतात ती वितंडा. दूरचित्रवाणीवर रोज रात्रीं चर्चा म्हणून जें कांहीं दाखविलें जातें, तें या तिहींपैकीं कोणत्या खणांत घालावें, हें वाचकांनींच ठरवावें.

शास्त्रकारांची दुसरी एक रीत आम्हांस याहूनहि महत्त्वाची वाटते. स्वतःचा सिद्धान्त सांगण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें म्हणणें मांडावयाचें. याला पूर्वपक्ष म्हणतात. चार्वाकांचे मूळ ग्रंथ बहुतेक लुप्त झाले. त्यांचें मत म्हणून आज आपणांस जें ठाऊक आहे, तें मुख्यतः त्यांच्या विरोधकांनीं आपल्या ग्रंथांतून नोंदवून ठेविल्यामुळें. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'चा तर आरंभच चार्वाकदर्शनानें होतो. पूर्वपक्ष पुष्कळदां पाडण्याच्या सोयीनें मांडला जाई, हें खरें. परंतु ज्याला खोडावयाचें त्याला आधीं सभेंत बोलूं द्यावें, एवढी रीत तरी होती.

याचा अर्थ, पूर्वींच्या पिढ्यांत सर्व कांहीं आलबेल होतें असा कोणी करूं नये. १९०७ सालीं सुरतेच्या काँग्रेसमध्यें जहाल व मवाळ यांची जुंपली, व्यासपीठावर जोडा येऊन पडला आणि अधिवेशन मोडलें. ती फूट सांधण्यास १९१६ सालचें लखनौ उजाडावें लागलें. दोन्ही बाजूंस या देशांतील उत्तमोत्तम विद्वान होते. तेव्हां विद्वत्ता मनुष्यास जल्पापासून वांचविते, ही समजूत आम्हां प्राध्यापकांनीं तरी बाळगूं नये.

उलट उदाहरणहि आपल्याच इतिहासांत आहे. घटनासमितीपुढें राज्यघटनेचा जो मसुदा आला, त्यावर सुमारें ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यांत आल्या, आणि त्यांपैकीं २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं मसुदा-समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं समारोपाचें भाषण केलें. त्यांत त्यांनीं हरि विष्णु कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शहा, पं. हृदयनाथ कुंझरू अशा, मसुद्याशीं पदोपदीं भांडलेल्या सभासदांचे नांवें घेऊन आभार मानले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहींत म्हणून त्यांचें मोल कमी होत नाहीं. हे लोक नसते तर घटनेमागील तत्त्वें उलगडून सांगण्याची संधि आपणांस मिळाली नसती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आंबेडकरांची वाणी मवाळ होती असें कोणीहि म्हणणार नाहीं. मतहि त्यांनीं बदललें नव्हतें. विरोधकामुळें आपलें म्हणणें अधिक स्पष्ट झालें, हें ऋण मात्र त्यांनीं उघड मान्य केलें. आमच्या मतें संवादाचें खरें फळ तें हेंच.

इतक्या थोर सभेवरून एकदम आमच्या गांवच्या वाचनालयाकडे वळतों, याची वाचकांनीं क्षमा करावी. त्याच्या कार्यकारी मंडळावर आम्ही कांहीं वर्षें आहोंत. मागें एका निवडणुकीनंतर मंडळापुढें दोन अर्ज एकदमच आले. एका गटाचें म्हणणें, अमुक वर्तमानपत्र बंद करावें, कारण तें खोटें लिहितें. दुसऱ्याचें म्हणणें, तमुक बंद करावें, कारणहि तेंच. वर्गणीदार नांवें काढून घेण्याची भाषा बोलूं लागले. तेव्हां आमच्या चिटणीसबाईंनीं एक अट घातली. ज्यास जें पत्र बंद व्हावें असें वाटतें, त्यानें तें चालूं कां ठेवावें हें आधीं मंडळास सांगावें, आणि तें पत्र आवडीनें वाचणारांनीं "हो, आमचें म्हणणें हेंच," असें म्हटल्यावरच अर्जाचा विचार व्हावा.

पहिल्या गटातर्फे एक निवृत्त इंजिनीअर उठले. दोन वेळां त्यांचा पूर्वपक्ष नापसंत झाला, कारण त्यांत टोमणे होते. तिसऱ्या वेळीं ते म्हणाले, "आपलें कोणी ऐकत नाहीं असें ज्यांना वाटतें, त्यांची तक्रार या पत्रांत छापून येते, आमच्या पत्रांत येत नाहीं." समोरच्या माना डोलल्या. त्यांनीं अर्ज परत घेतला. पुढच्या निवडणुकींत मत मात्र आपल्या जुन्याच पक्षाला दिलें, असें त्यांनींच आम्हांस सांगितलें. दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्यांनीं, वीस वर्षें वाचनालयासाठीं झिजलेल्या गृहस्थांनीं, ही अट म्हणजे आपला अपमान समजून राजीनामा दिला. समजूत घालावयास आम्ही दोनदां त्यांच्या घरीं गेलों. चहा मिळाला, ते परत आले नाहींत. दोन्ही पत्रें आज टेबलावर आहेत, पण नवीं पुस्तकें निवडतांना त्यांची उणीव आम्हांस अजून भासते.

या उपायास मर्यादाहि आहे. ज्याच्या माणूसपणावरच घाला पडला आहे, त्याला घाला घालणाराचा पूर्वपक्ष मांडावयास लावणें हा क्रूरपणा होईल. तेथें आधीं न्याय, मग संवाद. परंतु आपले बहुतेक तंटे त्या जातीचे नसतात. रस्ता कोठून न्यावा, कर कोणावर बसवावा, शाळेंत कोणती भाषा केव्हांपासून शिकवावी, यांवर दोन सज्जन माणसें जन्मभर भिन्न मतांचीं राहूं शकतात. आणि रस्ता झाला म्हणजे त्यावरून दोघांसहि जावयाचें असतें.

म्हणून ज्यानें त्यानें एकांतांत स्वतःची एक परीक्षा घ्यावी. आपल्या विरोधकाचें म्हणणें, त्याला पसंत पडेल असें, चार वाक्यांत लिहून पाहावें. आम्हीं हा प्रयोग केला आहे. पहिलें वाक्य सहज सुचतें. दुसऱ्याला वेळ लागतो. तिसऱ्यासाठीं बहुधा त्याच्या घरीं जावें लागतें.