रिकाम्या हातांची प्रार्थना

रक्षणाचे स्तोत्र म्हटले की मराठी मनाला आधी रामरक्षा आठवते; मस्तकापासून पायांपर्यंत एकेक अवयव देवाच्या हवाली करायचा आणि निर्धास्त व्हायचे. याच अपेक्षेने हिब्रू स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांकडे गेले तर ९१वे स्तोत्र जवळचे वाटते. ज्यू परंपरेत ते दुष्ट शक्तींपासून रक्षणासाठी म्हटले जाई. मृत समुद्राकाठच्या कुम्रानला मिळालेल्या एका गुंडाळीत तर ते भूतबाधा घालवण्याच्या पाठांबरोबरच आहे. पण या संहितेचा खरा स्वर मला ४४व्या स्तोत्रात ऐकू येतो. सैन्य हरले आहे, लोक परमुलखात विखुरले आहेत, शेजारी हसताहेत. आणि गाणारे देवालाच जाब विचारतात, की आम्ही करार मोडला नाही, मग तू झोपलास का? देवाच्या सामर्थ्याची ही भाषा मुळात हातात काहीच न उरलेल्यांची आहे. त्याच स्तोत्रात ते सांगतात की आपली भिस्त धनुष्यावर नाही, तलवारीवरही नाही. २०वे स्तोत्र राजासाठी आहे, तरी रथ आणि घोड्यांवर विसंबणारे त्यात कोसळतात. मिसर आणि मेसोपोटेमियाच्या बलाढ्य राज्यांमध्ये सापडलेल्या चिमुकल्या राज्याने असे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. ५५व्या स्तोत्रात तर वैरी म्हणजे देवाच्या घरी सोबत जाणारा जिवलग मित्र. तिथे कोणते सैन्य कामी येणार?

यावर सर्वांत जड आक्षेप शापांचा आहे. १०९वे स्तोत्र शत्रूची मुले पोरकी व्हावीत असे मागते. १३७वे त्याहून भयंकर आहे: इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम बेचिराख करणाऱ्या बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला ते धन्य म्हणते. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर कॅथलिक चर्चने नित्यप्रार्थनेचे पुस्तक नव्याने सिद्ध केले, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रे पूर्ण वगळली, इतरांतल्या काही ओळीही गाळल्या. प्रार्थनेने द्वेष जोपासू नये, ही त्यामागची कळकळ मला पटते. वगळणे पटत नाही. ज्याचे घर जाळले गेले त्याचा संताप पुस्तकातून काढल्याने त्याच्या मनातून जात नाही. देवासमोर तो ओकून टाकणारा माणूस निवाडाही देवावर सोपवत असतो. १३७व्यातला तो धन्य पुरुष कोणी तिसराच आहे. गाणाऱ्याने स्वतः दगड उचललेला नाही. ती ओळ मात्र तरीही अंगावर येते, आणि यावीच.

दुसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो मला अधिक छळतो. फ्रान्सच्या धर्मयुद्धांत ह्यूगनॉट, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट, सैनिकांचे रणगीत ६८वे स्तोत्र होते. १६५० मध्ये स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत इंग्रज सेनापती क्रॉमवेलने त्याच स्तोत्राची सुरुवात उच्चारली आणि विजयानंतर ११७वे गायले गेले. पराभूत झालेले स्कॉट तीच स्तोत्रे गाणारे होते. सबळाने ही भाषा उचलली की तिचा अर्थच उलटतो, असे मी म्हणेन. पण केवळ वापरणाऱ्यांना दोष देऊन सुटका नाही. १४९व्या स्तोत्रात मुखी देवाची स्तुती आहे आणि हातात दुधारी तलवार, तीही राष्ट्रांचा सूड घेण्यासाठी. ही तलवार आत्मिक आहे असे म्हणून काही भाष्यकार पुढे सरकतात. मला ती पळवाट वाटते. ते स्तोत्र माझ्या म्हणण्यात बसत नाही.