मेरूची खाच

गिटार बेसूर झाली की दोष प्रथम खुंट्यांच्या माथी मारला जातो. धरमतरच्या खाडीकाठी त्यात खाऱ्या हवेची भर पडते. हवा निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगते, दांडी किंचित वाकते, पोलादी तारांवर गंज चढतो. परंतु हवेमुळे स्वर ढळतो तो हळूहळू. एकाच गीताच्या दोन कडव्यांमध्ये तार उतरत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते.

आमच्या गायकवृंदातील एक तरुण कारखान्यात कंत्राटी कामावर जातो आणि जुनी विकत घेतलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. तिची तिसरी तार त्याला सतत दगा देई. नव्या खुंट्यांसाठी त्याने पैसे साठवावयास आरंभ केला होता. कंत्राटी मजुरीत ती रक्कम लहान नव्हे. आम्ही त्याला आधी मेरू पाहावयास सांगितले.

मेरू हा शब्द तंबोऱ्याचा. खुंट्यांच्या अलीकडे दांडीवर खाचांची जी पट्टी असते आणि जिच्यावरून तारा घोडीकडे जातात, तो मेरू. मिरजेचे कारागीर तिची निगराणी जाणतात. गिटारवाले तिला नट म्हणतात आणि बहुधा विसरतात. खुंटी पिळली की तार खाचेतून सरकली पाहिजे. खाच अरुंद किंवा मळलेली असेल तर तार अडकते आणि मेरूच्या दोन बाजूंचा ताण निरनिराळा राहतो. जुळवताना बारीक ‘टिंग’ असा आवाज होऊन स्वर एकदम उडी घेतो, ती याचीच खूण. पुढे वादकाने तार बोटाने ताणली की अडलेला ताण सुटतो आणि जुळलेले वाद्य बिघडते.

काही गिटारींत हा दोष घडणीतच असतो. 1952 साली आलेल्या गिब्सनच्या लेस पॉलमध्ये तीन-तीन खुंट्या दोन्ही बाजूंस आहेत, त्यामुळे मधल्या दोन तारा मेरूपाशी तिरक्या वळतात. फेंडरच्या 1954 च्या स्ट्रॅटोकॅस्टरमध्ये सहाही खुंट्या एका रांगेत असल्याने तारा बव्हंशी सरळ जातात. आमच्या तरुणाचे वाद्य पहिल्या घडणीचे होते. खाचेतील मळ निघाला आणि तार स्थिरावली. खुंट्या जुन्याच राहिल्या.

उपाय साधा आहे. तार सैल करून खाचेबाहेर काढावी, मऊ ब्रशाने खाच झाडावी आणि 2बी पेन्सिलीचे टोक तिच्यात घासावे. ग्राफाइटची ती काळी भुकटी तारेला सरकू देते. तेल मात्र घालू नये. ते धूळ धरते आणि लाकडात मुरते. जुळवताना तार इष्ट स्वराच्या खाली उतरवून मग वर चढवावी.

कानस लावण्याचा मोह मात्र आवरावा. खाच केसभर अधिक खोल गेली तरी मोकळी तार पहिल्या पडद्यावर घासून झणझणते, आणि मग मेरूच बदलावा लागतो. तार तिसऱ्या पडद्यावर दाबली असता पहिल्या पडद्यावर कागदाएवढी फट दिसावी. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. 0.009 इंचाच्या संचाऐवजी 0.010 चा बसवला, तर सहाही तारा जाड होतात. तेव्हा प्रत्येक खाच नव्याने तपासावी.